आठशे चौसष्ट पात्या आणि माणसाचे पाऊल

२ मार्च, सोमवार

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आठशे चौसष्टावी पाती टांगली. टांगण्याचे काम संपले. वायरमन नेहमीप्रमाणे खाली शिडी धरून उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, आता तरी चहा?" मी मिस्त्री नाही हे त्याला आजवर अकरा वेळा सांगितले आहे. मोटर वाइंडिंगचे माझे दुकान होते तेव्हा म्हणत होता ते ठीक. आता मी करतो ते निराळे काम आहे. चहा घेतला.

ही नवी वही घेण्याचे कारण असे, की 'चाहूल' कशी उभी राहिली हे उद्या लोक विचारतील, आणि मी लिहून ठेवले नसेल तर माझा मेव्हणा सांगत सुटेल. त्यापेक्षा माझ्या अक्षरात असलेले बरे.

तर ग्रंथालयाच्या जुन्या आणि नव्या इमारतीला जोडणारे एक दालन आहे. लांबी बेचाळीस मीटर वीस सेंटीमीटर. (नकाशात बेचाळीस आहे. नकाशा चूक आहे.) दालनाच्या छताला ॲल्युमिनियमच्या ८६४ पात्या, प्रत्येकीला आपली दोरी, आपली मोटर, आपला दिवा. दोन्ही भिंतींवर पोलादी नळ्या आणि त्यांवर पडणाऱ्या लहान हातोड्या. फरशीखाली दाब ओळखणारे सेन्सर. माणूस आत शिरला की फरशीला त्याची पावले कळतात, आणि त्याच्या डोक्यावरच्या पात्या त्याच ठेक्यात वर-खाली होत, उजळत त्याच्याबरोबर पुढे सरकतात. नळ्या वाजतात. माणूस जाईल तिकडे लाट जाते. एका माणसाला एक लाट, दोघांना दोन. हे सगळे दहावीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने पुस्तके वाचून केले आहे, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

४ मार्च, बुधवार

महत्त्वाची नोंद. फरशीवरून फक्त माणसे जात नाहीत. पुस्तकांच्या गाड्या जातात, कुणाच्या हातून शब्दकोश पडतो, मांजर फिरते. मांजरासाठी लाट उठणे मला मान्य नाही. म्हणून माणसाचे पाऊल नेमके कसे असते ते यंत्राला शिकवणे भाग होते. त्यासाठी पाच महिन्यांत ११,४८० पावले मोजली. सगळी माझीच. दुसऱ्या कुणाच्या चालण्यावर भरवसा ठेवता येत नाही. लोक मध्येच थांबतात, फोन पाहतात.

निष्कर्ष: डावा पाय टेकल्यापासून उजवा टेकेपर्यंत ०.५२ सेकंद. उजवा टेकल्यापासून डावा टेकेपर्यंत ०.७१ सेकंद. ११,४८० पावलांत फरक नगण्य.

पुस्तकांत दोन्ही वेळा सारख्या दिल्या आहेत. तीन पुस्तके पाहिली, तिन्हींत सारख्या. एकाने चुकीचे लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले, दुसरे काय. माणूस उजव्या पायावर क्षणभर विसावतो आणि मगच डावा टाकतो, ही गोष्ट आजवर कुणाच्याच लक्षात येऊ नये याचे नवल वाटते. पण शिकलेली माणसे खुर्चीत बसून विचार करतात. मी चालून पाहिले.

यापुढे यंत्र फक्त ५२-७१ हाच ठेका मानेल. बाकी सारे मांजर.

८ मार्च, रविवार

सकाळी बुटांच्या दुकानात गेलो. जोड सहा महिन्यांचा, आणि उजव्याची टाच डाव्याच्या दुप्पट झिजलेली. दुकानदाराला स्पष्ट सांगितले, की दोन बुटांना दोन प्रतींचे तळ लावले आहेत. त्याने बुटांकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "काका, जरा चालून दाखवता?" मी तक्रार करायला गेलो होतो, चालून दाखवायला नाही. परत आलो.

संध्याकाळी हिच्याबरोबर फिरायला. हिची चाल अलीकडे फार मंदावली आहे. पूर्वी भाजी आणायला निघाली की मला मागून जवळजवळ धावावे लागे. आता तिच्यासाठी मलाच सावकाश चालावे लागते. मी बोलून दाखवत नाही. वयाचा भाग आहे. उलट तीच म्हणते, "अहो, तो गुडघा एकदा दाखवून या." दोन वर्षांपूर्वी दालनाची मापे घेताना शिडी सरकली, तेव्हापासून डाव्या गुडघ्याचा किरकोळ विषय आहे. (मी पडलो असे ही सगळ्यांना सांगते. मी पडलो नाही. शिडी सरकली आणि मी खाली आलो.)

घरी परतलो तर मेव्हणा दारात. हिचा धाकटा भाऊ. भिंतीएवढे तयार पडदे विकतो. त्यांवर मासे पोहतात. सगळीकडे तेच मासे.

"भावोजी, कधी दाखवताय तुमचं झुंबर?"

झुंबर नाही, म्हणालो.

"तसं नाही, मी आपलं विचारलं. ग्रंथपालबाईंचा फोन होता. वेळ पडलीच तर पडदा किती दिवसांत बसेल म्हणाल्या."

"तू काय सांगितलंस?"

"दोन दिवसांत. खोटं कशाला बोलू?"

ही म्हणाली, "तुझे मासे तुझ्यापाशी ठेव. जेवणार आहेस का?"

तो जेवला. तो नेहमीच जेवतो.

२० मार्च, शुक्रवार

आज समितीपुढे चाचणी. समिती म्हणजे ग्रंथपालबाई आणि चार सभासद. पाचही जण दालनाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत गेले.

एक पाती हलली नाही. एक दिवा लागला नाही. पाच जण बेचाळीस मीटर वीस सेंटीमीटर वर पाहत गेले आणि मान चोळत परत आले. वायरमन जिन्याखाली जाऊन उभा राहिला.

मग मी स्वतः चाललो. दोन-तीन पावलांतच लाट उठली, नळ्या वाजल्या, अंगावर प्रकाश सांडत शेवटच्या पातीपर्यंत गेला. एक सभासद "अरे वा" म्हणाले आणि उत्साहाने माझ्यामागे आले. त्यांच्या डोक्यावर काळोख.

ग्रंथपालबाईंनी विचारले, "तुमच्या खिशात रिमोट वगैरे आहे का?"

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुमाल, मोजपट्टी, स्क्रू सात.

"मग तुम्ही चाललात तरच का चालतं हे?"

"कारण मी बरोबर चालतो," मी म्हणालो.

समिती कागद गोळा करून निघाली. विचारण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नसावे.

२१ मार्च, शनिवार

सगळे सेन्सर, सगळ्या मोटारी, सगळा प्रोग्रॅम पुन्हा तपासला. यंत्रात दोष नाही. लोक उजव्या पायावर विसावत नाहीत, दोष तिथे आहे. हल्ली सगळ्यांनाच घाई.

२४ मार्च, मंगळवार

दालनाच्या तोंडाशी सूचनाफलक लावला. चौदा सूचना. पहिली, डावा पाय टाकावा. दुसरी, लगेच उजवा टाकावा. तिसरी, उजव्यावर किंचित विसावावे. चौथी, पुन्हा पहिली सूचना पाहावी. अशा. वायरमनने सगळा फलक वाचला आणि विचारले, "मिस्त्री, वाचत वाचत चालायचं, की आधी वाचून घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. पंधरावी सूचना घातली.

२७ मार्च, शुक्रवार

फलकाने काम भागेना, म्हणून ग्रंथालयातल्या सात कर्मचाऱ्यांचा चालण्याचा वर्ग घेतला. एका ओळीत उभे केले. मी पुढे, ते मागे. "डावा-उजवा... आणि डावा. डावा-उजवा... आणि डावा." पहिली वीस मिनिटे गोंधळ, पण नंतर ओळ सुरेख चालू लागली. पुस्तकांची बांधणी करणारा बाइंडर सगळ्यांत हुशार निघाला. त्याच्यावरच्या तीन पात्या लागोपाठ उचलल्या गेल्या. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

वायरमन म्हणाला, "मिस्त्री, रागावणार नसाल तर एक बोलू? हे लंगडणं झालं."

"याला स्वाभाविक चाल म्हणतात."

"मग मी जन्मभर अस्वाभाविक चालतोय म्हणायचं."

याला टोमणा म्हणतात, हे मला कळते.

तेवढ्यात पुस्तक परत करायला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई दारात थबकल्या. आमची ओळ त्यांच्यासमोरून गेली आणि परत आली. "अगं बाई, एवढ्या सगळ्यांना एकदम काय झालं? जिना कोसळला का?" मी समजावून सांगत होतो तोवर ग्रंथपालबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतले. दार फार हळू लावले. मला ते आवडले नाही.

२८ मार्च, शनिवार

बाइंडर रजेवर. कंबर धरली म्हणे. त्याच्या बायकोचा फोन आला. "माझा माणूस सकाळी धडधाकट घरून गेला होता. संध्याकाळी लंगडत आला. तुम्ही तिथे करता तरी काय?" मी तिला शून्य पूर्णांक बावन्नपासून सांगायला सुरुवात केली. एकाहत्तरपर्यंत पोचण्याआधीच तिने फोन ठेवला.

१ एप्रिल, बुधवार

समितीचे पत्र. दुसरी आणि शेवटची चाचणी ११ तारखेला. त्या दिवशी 'चाहूल' येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाही माणसासाठी चालली नाही, तर पात्या उतरवून भिंतीवर पडदा बसवला जाईल. खाली ग्रंथपालबाईंनी पेनाने लिहिले आहे, "मला पात्याच हव्या आहेत. कृपा करून काहीतरी करा."

दोन वर्षे. प्रत्येक पाती मी हाताने कापली, हाताने घासली. आणि त्या जागी मासे.

घरी कुणाला सांगितले नाही. हिने न विचारता ताटात दुसऱ्यांदा वाढले, म्हणजे कळले असावे.

३ एप्रिल, शुक्रवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

हिने 'चाहूल' कधी पाहिली नव्हती. अर्धे काम घरच्यांना दाखवू नये असा माझा नियम आहे. पण आज डबा घरी विसरलो आणि ती घेऊन आली. मी दालनाच्या दूरच्या टोकाला होतो. फलक वाच म्हणून ओरडायच्या आत ती टकटक चालत माझ्यापर्यंत पोचलीसुद्धा. कधी नव्हे ती भरभर आली. डबा गार होईल म्हणून असावे. पात्या अर्थातच ढिम्म.

तिने वर पाहिले. "हे सगळं तुम्ही केलंत?"

"सगळं."

"हलत का नाही मग?"

"तू चुकीची चाललीस."

तिला राग आला नाही. समोर बसून तिने मला जेवू घातले, डबा पिशवीत भरला आणि म्हणाली, "चला, दारापर्यंत सोडा मला."

आम्ही निघालो, आणि छतावर दोन लाटा उठल्या.

एक माझ्यावर, एक तिच्यावर. शेजारी शेजारी, एकाच ठेक्यात, शेवटच्या पातीपर्यंत. नळ्या दुहेरी वाजल्या. मला वाटले काहीतरी बिघडले. आम्ही मागे वळलो. पुन्हा दोन लाटा. वायरमन हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. दोन आठवड्यांत माझ्याखेरीज एकाही माणसासाठी ती पूर्ण लाट उठली नव्हती.

ही बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "शिडी सरकली ती अगदीच फुकट नाही गेली."

'शिडी सरकली' असे ती आज पहिल्यांदा म्हणाली.

इतकी वर्षे माझ्याबरोबर राहून हिला न शिकवता बरोबर चालता येऊ लागले आहे. माझ्या नियमाला पुरावा मिळाला.

४ एप्रिल, शनिवार

हिला मुद्दाम बोलावले. समितीपुढे तिला चालवायचे, म्हणजे दोष यंत्रात नाही हे सिद्ध होईल असा बेत. ती चार वेळा एकटी चालली. चारही वेळा काही नाही.

"कालच्यासारखी चाल," मी म्हणालो.

"तशी मला एकटीला नाही चालता येत."

"का पण?"

"तुम्ही बाजूला नसता म्हणून."

हे तांत्रिक उत्तर नाही. तरी नोंद असावी म्हणून लिहिले.

६ एप्रिल, सोमवार

फरशीवर पडलेले प्रत्येक पाऊल यंत्र साठवून ठेवते. आजवर मी फक्त माझीच पाहिली होती. आज बाकीची उघडली.

ग्रंथपालबाई: ५०-५०. सभासद चार: ४८-४८, ५१-५१, ५३-५३, ५०-५०. वायरमन: ४९-४९. बाइंडर, वर्गाच्या आधी: ४९-४९.

ही, शुक्रवारी डबा घेऊन येताना: ४६-४६.

ही, शनिवारी एकटी, चारही वेळा: ४६-४६.

ही, शुक्रवारी माझ्याबरोबर दारापर्यंत जाताना: ५२-७१.

आकडे तीनदा ताडून पाहिले. मग पायांतले बूट काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्या टाचांकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने वायरमन आला. त्याने टेबलावरचे बूट पाहिले. शेजारच्या स्टुलावर बसला.

मी विचारले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"तेच."

तो म्हणाला, "त्या दिवशी शिडी मीच धरली होती, मिस्त्री."

मी मिस्त्री नाही, हे त्याला बाराव्यांदा सांगितले नाही. चहा घेतला.

७ एप्रिल, मंगळवार

मी लंगडतो. डावा पाय. दोन वर्षे.

तिन्ही पुस्तके बरोबर आहेत. पुसून कपाटात परत ठेवली.

हिला भरभर चालता येते.

९ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस दालनाच्या दाराशी बसून २१२ माणसांची पावले पाहिली. पुस्तकांतला 'सारखा' हा शब्दसुद्धा ढोबळच आहे. कुणी टाच आपटतो, कुणी पाय ओढतो, एका गृहस्थांचे दर पाचवे पाऊल आखूड पडते. एका मुलीला एकापाठोपाठ दोनदा तेच चालता येत नाही. म्हणून सगळा नियमच काढून टाकला. आता पहिली चार पावले यंत्र गप्प राहून ऐकते. पाचव्यापासून तो माणूस जसा चालेल तशी त्याची लाट. गाडीला पावले नसतात आणि शब्दकोश एकदाच पडतो, त्यामुळे ते आपोआप वगळले जातात. इतके सोपे होते.

मांजरासाठी मात्र लाट उठते. अरुंद, घाईची लाट. बघायला वाईट नाही. राहू दिली.

सूचनाफलक उतरवला. बाइंडर कामावर आला आहे. ४९-४९. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "नाही सर, घरी दोन दिवस सगळं हातात मिळालं."

११ एप्रिल, शनिवार

चाचणी सकाळी अकराला. ग्रंथपालबाई आधी एकट्या निघाल्या. एक, दोन, तीन, चार पावले, काही नाही. पाचव्याला त्यांच्या डोक्यावरची पाती उचलली गेली आणि मग बाई मध्ये थांबल्याच नाहीत. टोकाला जाऊन चष्मा काढून पुसला. चारही सभासद गेले, चार वेगवेगळ्या लाटा. दर पाचवे पाऊल आखूड टाकणारे गृहस्थ तेवढ्यात वाचनालयात निघाले होते. त्यांच्या लाटेत दर पाचवी उडी लहान. त्यांना ते कळले नाही. मला कळले.

मेव्हणा पडद्यासाठी भिंत मोजायला टेप घेऊन आला होता. त्याने टेप खिशात ठेवला आणि दालनात अकरा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भावोजी, माझे मासे असं नाही करत." मग ताईला काही सांगायचे आहे असे म्हणून आमच्या घरी गेला. जेवायची वेळ झालीच होती.

एका सभासदाने विचारले, "मागच्या वेळी असं का झालं नाही? काय बदललंत?"

तांत्रिक उत्तर मी पाठ करून आणले होते, दोन पानी. पण म्हणालो, "यंत्राला वाटत होतं, सगळी माणसं माझ्यासारखीच चालतात."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला?"

"मलाही."

पात्या राहिल्या.

१२ एप्रिल, रविवार

संध्याकाळी फिरायला निघालो. घराबाहेर पडल्यावर हिला म्हणालो, "आज तू तुझ्या चालीने चाल."

"नक्की?"

"नक्की."

ती गेली. मी चाळीस पावले टाकली तोवर तिने कोपरा गाठला. पदर खोचून, हात हलवत, इतकी झपाझप की समोरून येणारा सायकलवाला बाजूला झाला. दोन वर्षे मी तिला अशी पाहिली नव्हती. कोपऱ्यावर उभी राहून तिने माझी वाट पाहिली. मी पोचलो तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. मग पुन्हा माझ्या बाजूला आली. दहा-बारा पावलांनंतर मी कान दिला. ५२-७१.

"उद्या दहाला हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "आता शिडी सरकली, काय झालं, ते तुम्हीच सांगा त्यांना."

"पडलो असं सांगेन."

आम्ही बरेच अंतर चाललो.

मी म्हणालो, "गुडघा सुधारला तर तुला पुन्हा चाल बदलावी लागेल."

"बदलेन."

"ही चाल अंगात बसायला किती दिवस लागले होते तुला?"

"मोजले नाहीत," ती म्हणाली.